कुठं जायचंय ते आधी सांगा

वीरभद्रअण्णांना कुणी मेकॅनिक म्हटलेलं खपत नसे. "मेकॅनिक पाना फिरवतो, बाई. मी इंजिन घडवून राहिलो," असं ते पहिल्याच भेटीत मला म्हणाले. त्या वेळी त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते, अंगात पांढराशुभ्र सदरा होता आणि खांद्यावर पांढरी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल. इंजिनांत आयुष्य घालवणाऱ्या माणसानं पांढरे कपडे का घालावेत, हे कोडं अख्ख्या उदगीरला पडलं होतं. विचारलं तर म्हणत, "डाग पडला की समजायचं, घाई केली." संध्याकाळपर्यंत सदरा कोरा ठेवायचा हा त्यांचा रोजचा पण. बहुतेक दिवशी तो पुरा व्हायचा, आणि मग त्यांचा रुबाब बघण्यासारखा असायचा.

आता मी निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडे असते. विष्णुपुरीच्या रस्त्याला घर आहे. कॉलेजची पोरं समोरून मोटारसायकली अशा पिटाळतात की खिडकीच्या काचा थरथरतात. सून कपाळावर हात मारून घेते. मला मात्र दर वेळी अण्णा आठवतात. त्यांनी त्या पोराला भर रस्त्यात अडवलं असतं आणि शिव्या द्यायच्या आधी एकच गोष्ट विचारली असती: "कुठं जायचंय?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. गाडी कुणाचीही असो, आधी हा प्रश्न, मग बॉनेट. एकदा लातूरचा एक डाळमिलवाला नवीकोरी जीप घेऊन आला. त्याला इंजिनाची ताकद वाढवून हवी होती.

"कुठं जायचंय?" अण्णांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? सगळीकडं."

"मंग घरी जा."

तो बिचारा भांबावला. अण्णांनी शेजारच्या रज्जाकभाईंच्या भट्टीवरून फुंकणी, एक रुंद पाइप आणि घमेल्यात इंगळ मागवला. रज्जाकभाई वेल्डिंग आणि पत्र्याचं काम करायचे, दोघांच्या दुकानांमध्ये एक कुडाची भिंत होती आणि दिवसभर त्या भिंतीतून भांडण चालायचं. अण्णांनी फुंकणी शेटच्या हातात दिली. "फुका. हळूच फुका. इंगळ लाल झाला? आता ह्या रुंद पाइपातून तेवढंच फुका." शेटनं फुंकलं. इंगळ काही हलला नाही.

"हे बगा," अण्णा म्हणाले, "इंजिनाला नाक असतं. त्याला मॅनिफोल्ड म्हणत्यात. हवा आन पेट्रोल ह्याच नळ्यांतून आत जातंय. नळी आखूड, रुंद लावली तर वाऱ्यासारखं पळंल, पर हळू चालताना नळीत हवेला जोरच राहत न्हाई, पेट्रोल तळाला बसतंय. लांब, अरुंद नळी लावली तर पळणार न्हाई, पर ओढंल. बैलावानी ओढंल. दोन्ही एकदम मिळत न्हाई. म्हणून इचारून राहिलो, कुठं जायचंय?"

शेट म्हणाला, बाजारात जायचंय, मिलवर जायचंय. "मंग हाय ते नाक झकास हाय," म्हणून अण्णांनी बॉनेट आपटून बंद केलं आणि त्याला वाटेला लावलं. गिऱ्हाईक असं परतवून लावलं की ते दिवसभर खुशीत असत.

मी त्यांच्या गॅरेजामागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. माझं माहेर मुखेडचं, शिक्षण नांदेडचं, आणि मास्तरणीची पहिली नेमणूक मिळाली ती धोंडमाळला, उदगीर आणि मुखेडच्या मधल्या एका डोंगरावरच्या गावात. उदगीरला खोली शोधताना प्रत्येक घरमालकानं आधी माझं आडनाव विचारलं आणि ते ऐकल्यावर खोली नुकतीच दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. आमच्या घरात आजोबांच्या हयातीतच बुद्धाचा फोटो आला होता, आणि आमचं आडनाव तेवढी ओळख द्यायला पुरेसं होतं. अण्णा लिंगायत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "ष्टो कोणता वापरता?" मी सांगितलं. "मागं दुरुस्त कुणी केला?" मी म्हटलं, मीच पिन मारते. "मंग ऱ्हावा," म्हणाले. त्यांच्या हिशेबात माणसाची परीक्षा तेवढीच होती. उदार वगैरे ते मुळीच नव्हते, तापट होते, हेकट होते, स्वतःचं चुकलं असं त्यांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. इंजिन बिघडलं तर इंजिनाची चूक, पाना निसटला तर पान्याची. पण खोली दिली ती त्यांनीच, हे मी विसरलेले नाही.

गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक इंजिन होतं. तरुणपणी अण्णा हैदराबादला एका शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या वस्तादाकडे होते, तिथं मातीतल्या शर्यतींत स्वतः गाडी चालवायचे. एकदा जिंकलेही होते. तो कप अजून होता, त्यात नट-बोल्ट ठेवलेले असत. पुढं वडील गेले, उदगीरला परतावं लागलं, आणि शर्यत राहून गेली ती गेलीच. मग त्यांनी मिलिटरीच्या लिलावातून एका मोडक्या ट्रकचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणलं आणि कित्येक वर्षं ते घडवत बसले. आतले हवेचे रस्ते काचेसारखे घासले, पिस्टन तोलून बसवले. त्याचं मूळचं नाक बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओबडधोबड, लांब नळ्यांचं होतं. ते काढून फेकलं आणि हैदराबादहून ॲल्युमिनियमचं चकाकतं, आखूड, रुंद नळ्यांचं शर्यतीचं नाक आणलं. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ताडपत्री वर करून त्या नाकाच्या तोंडावर ते तळहात ठेवत, जणू श्वास तपासतात. त्या इंजिनाबाबत मात्र त्यांनी स्वतःला "कुठं जायचंय" कधी विचारलं नाही. जायचं होतं हैदराबादच्या मैदानात, आणि ते इतकं ठरलेलं होतं की बोलायची गरज नव्हती.

मग तो दुष्काळ आला.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. लोक पेढे वाटून मोकळे झाले होते, कचेऱ्यांच्या नव्या पाट्या रंगवून झाल्या होत्या. धोंडमाळ मात्र लातूर-नांदेडच्या सीमेवरचं गाव. कागदावर आमच्याकडचं, पण चांगला रस्ता मुखेडच्या बाजूचा. आधीच्या टंचाईत त्या बाजूचा टँकर माणुसकीनं वर येऊन जायचा. नवा जिल्हा झाला, नवे साहेब आले, आणि दोन्हीकडून एकच उत्तर मिळू लागलं: ज्यानं त्यानं आपल्या जिल्ह्याचं बघावं. आमच्या बाजूनं वर जायला घाट होता. घाट म्हणजे काय, मुरमाची, सुटलेल्या दगडांची बैलगाडीवाट, आणि चढ असा की मी रोज शाळेला चढताना दोनदा बसायची. ठेक्याचे टँकर पायथ्याला पाणी ओतून निघून जात. बायका ते हंड्यांनी वर नेत. हिवाळ्यात कसंबसं जमलं. फाल्गुनात एक बाळंतीण हंड्यासकट घसरली, आणि पुढच्या आठवड्यात साहेबांनी निरोप धाडला की पुढच्या सोमवारपर्यंत टँकर वर पोचला नाही तर गाव उठवून खाली छावणीत न्यायचं, शाळेसकट.

धोंडमाळला अण्णांची थोरली बहीण राहायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. आई लवकर गेली, अण्णांना तिनंच वाढवलं. नवरा नाही, मूल नाही, दोन म्हशी होत्या त्यातली एक विकली. पत्र्याचं घर, दारात तुळस, आणि जीभ अशी की पोलीस पाटीलसुद्धा तिच्या दारावरून वळसा घालून जायचा. निरोप ऐकल्यावर ती ओट्यावर बसून म्हणाली, "मी उठत न्हाई. माझं मढं उठंल." ही नुसती बोलण्याची बाई नव्हती. शेजारची दोन घरं बिऱ्हाड बांधून खाली गेली तेव्हा तिनं स्वतः पायथ्याचं पाणी वाहायला सुरुवात केली. गुडघे सुजलेले, तरी हंडा डोक्यावर. मी ते रोज बघत होते. एकदा हंडा धरायला पुढं झाले तर तिनं तो मागं ओढला. तहान लागली म्हटलं की मला पाणी मिळायचं, पण कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून. मी तो पेला ओळखून होते आणि पाणी नको म्हणायला शिकले होते.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. अक्काच्या गुडघ्यांचं सांगितलं तेव्हा ते हातातली दस्ती घडी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मोडका मिलिटरी ट्रक ओढून आणलेला दिसला. चारी चाकांनी ओढणारा, पण इंजिन मेलेलं. रज्जाकभाई त्यावर पाण्याची टाकी बसवत होते. आणि अण्णांनी कोपऱ्यातली ताडपत्री काढली होती.

"अण्णा, शर्यतीचं इंजिन?" मी विचारलं.

"ह्येच चढंल त्या घाटावर. दुसऱ्याच्यात दम न्हाई."

"नाक बदलून घ्या," कुडाच्या पलीकडून रज्जाकभाई ओरडले. "आखूड नळ्या चढाला चालत न्हाईत म्हणून तुम्हीच सांगत फिरता की."

"लोकांच्या इंजिनाला न्हाई चालत. ह्ये माझं हाय."

झालं. विषय संपला. खरं तर त्यांना ते चकाकतं नाक उतरवणं जिवावर आलं होतं, हे मलाही दिसत होतं. इतकी वर्षं रोज सकाळी ज्याच्यावर हात ठेवला ते काढून गंजकं बीड लावायचं, तेही सगळ्या गावासमोर! ते काही त्यांना सोसणार नव्हतं.

चाचणी लातूर रोडला घेतली. ट्रक गोळीसारखा सुटला, माणसं टाळ्या पिटू लागली, अण्णांचा सदरा दिवसभर कोरा राहिला. कुणाच्याही लक्षात आलं नाही, किंवा लक्षात येऊन कुणी बोललं नाही, की टाकी रिकामी होती. पाण्यानं भरून चाचणी घ्यायची कशी? त्या उन्हाळ्यात नुसतं वजन बघायला टाकीभर पाणी मागणं म्हणजे पाप होतं. कुणी दिलं नसतं आणि अण्णांनी मागितलंही नसतं. पाणी मिळणार होतं ते खऱ्या खेपेलाच.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा भरलेला ट्रक घाटाखाली आला. मी वर, कड्याशी, बायकांच्या घोळक्यात. सगळ्यांच्या कडेवर हंडे, कळशा. अक्का सगळ्यात पुढं.

सुरुवातीला आवाज छान होता. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणापुढं म्हसोबाचा दगड आहे, तिथं चढ एकदम उभा होतो. तिथं वेग पडला, आणि आवाज बदलला. अण्णांनी सांगितलेलं सगळं मला आठवलं. इंजिन खोकलं. एकदा थुंकलं. मग घुटमळलं, आणि बंद पडलं. क्षणभर काहीच ऐकू येईना. मग दगड घसरल्याचा आवाज आला. ट्रक मागं येत होता. टाकीतलं पाणी मागच्या बाजूला आदळत होतं आणि त्या धक्क्यानं ब्रेक लावलेली चाकंही फरफटत होती. मागं वळण, वळणाखाली दरी.

"कॉक सोड! रज्जाक, कॉक सोड!" अण्णांचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला.

रज्जाकभाईंनी मागची तोटी पूर्ण उघडली. पाणी भसाभस बाहेर आलं, वाटेवरून, दगडांवरून, खाली वाहत गेलं. ट्रक हलका झाला, कडेच्या बांधाला टेकून थांबला. माणसं वाचली. पण आम्ही वरून ते पाणी वाहताना बघत होतो. मुरमात पाणी मुरायला किती वेळ लागतो? बघता बघता फक्त ओली वाट राहिली.

अक्का काठी टेकत उतरून गेली. मी तिच्या मागोमाग. अण्णा पायरीवर बसले होते, सदऱ्यावर छातीपासून खालपर्यंत काळा डाग. अक्का समोर उभी राहिली. मला वाटलं आता ही रडणार किंवा शिव्या देणार.

"तम्मा," ती धाकट्या भावाला हाक मारायची तशी म्हणाली, "तुला कुठं जायचं हुतं रे?"

अण्णांनी मान वर केली नाही. इतरांना ते जन्मभर विचारत आले तेच तिनं विचारलं होतं, आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

सदऱ्यावरच्या डागाकडे बघत ते म्हणाले, "चुकलं, अक्का."

मी रज्जाकभाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही दोघांनीही हे पहिल्यांदा ऐकलं होतं.

"जुनं नाक हाय?" अण्णांनी विचारलं.

"नाक?"

"बीडाचं. मी दिलं हुतं न्हाई का पत्र्यावर ठिवायला."

वादळात पत्रे उडू नयेत म्हणून आमच्याकडे छपरावर दगडधोंडे ठेवतात. अक्काच्या घरावर पत्रा टाकला तेव्हा अण्णांनी भंगाराचं एक पोतं धाडलं होतं, त्यात ते फेकलेलं नाक होतं. अण्णा चालत वर आले, शिडी लावली, पांढऱ्या सदऱ्यासकट छपरावर चढले आणि ते गंजलेलं बीड मुलासारखं छातीशी धरून उतरले. अक्का खालून एवढंच म्हणाली, "त्याच्या जागी काय तरी ठिव. वारं सुटतंय आता." अण्णांनी एक दगड ठेवला.

त्या नाकाच्या एका नळीला बारीक तडा गेलेला होता. ऊन, पाऊस, कोण जाणे कशानं. रविवारी उदगीरला रज्जाकभाईंनी कोळशावर सगळं बीड सावकाश तापवलं, पितळेनं तडा भरला आणि राखेत पुरून ठेवलं.

"आता हात लावू नगा. झटकन गार झालं तर दुसरीकडनं तडकंल."

अण्णांना धीर कुठला! ते राखेच्या ढिगाजवळ उकिडवे बसले. हात पुढं न्यायचे, मागं घ्यायचे. गिऱ्हाइकं आली, गेली. चहा आला, थंड झाला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाल्याशिवाय चहा प्यायचा नाही ही त्यांची जुनी खोड होती, त्यामुळे त्या दिवशी चहा नाहीच. मी खोलीतून बघत होते आणि मला त्या माणसाची फार दया आली. मनात आलं, हे नाही चाललं तर सोमवारी अक्काला चौघं उचलून खाली आणतील, आणि ती ते सहन करणार नाही.

सोमवारी साहेबांची जीप सकाळीच घाटाखाली येऊन उभी होती. छावणीत न्यायला दोन बैलगाड्याही आणल्या होत्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. स्वतःच भरलेल्या टाकीवर तीनदा थापटलं आणि स्टिअरिंगवर बसले. बॉनेटची एक बाजू काढून टाकली होती, रज्जाकभाई फूटबोर्डावर उभे होते, इंजिनावर नजर ठेवायला.

अक्का वर थांबली नव्हती. गावात उरलेल्या बायकांना घेऊन ती पायथ्याला आली होती, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक धोंडा होता.

"ह्ये काय?" अण्णा गरजले.

"तू चढ. जिथं थांबशील तिथं आम्ही चाकामागं धोंडं टाकताव."

"चिरडशील, म्हातारे! बाजूला व्हा सगळ्या!"

"तू चढ म्हणलं न्हवं?"

कुणी बाजूला झालं नाही. मीही एक धोंडा उचलला. साहेब जीपमध्ये उभे राहून बघत होते.

या वेळी इंजिनाचा आवाज वेगळाच होता. त्यात जोश नव्हता, चकाकी नव्हती. एकसुरी, जाड, कुंथल्यासारखा आवाज. ट्रक माणसाच्या चालीनं निघाला. आम्ही दोन्ही बाजूंनी मागून चालत होतो, डोळे चाकांवर. पहिलं वळण. दुसरं वळण. म्हसोबाचा दगड आला. तिथं शनिवारचं पाणी वाहून गेलेल्या खुणा अजून दिसत होत्या. इंजिन खाली बसल्यासारखं झालं, माझ्या हातातला धोंडा घामानं निसटायला लागला, पण आवाज तुटला नाही. ओढत राहिलं. एकेक चाक दगडावर चढत होतं, उतरत होतं, पुढं सरकत होतं.

आणि शेवटच्या वळणावर शिट्टी ऐकू आली. बारीक, चिरकी. पितळ सुटलं होतं. तड्यातून भलतीच हवा आत जात होती, आणि इंजिन उचक्या देऊ लागलं.

"पाणी मारू का?" कुणी तरी ओरडलं.

"पाणी नगं! गरम बीड हाय, फुटंल!" रज्जाकभाई किंचाळले.

अण्णांनी एका हातानं खांद्यावरची दस्ती ओढली आणि खिडकीतून बाहेर फेकली. रज्जाकभाईंनी ती झेलून घडी केली आणि तड्यावर दाबून धरली, तापलेल्या बीडावर, उघड्या पंज्यानं. शिट्टी थांबली. उचक्या थांबल्या. रज्जाकभाईंचा चेहरा मी बघितला, दात ओठात रुतले होते, पण हात हलला नाही. मागचं चाक थोडं घसरलं तशी अक्कानं धोंडा फेकला, तिच्यामागं सगळ्यांनी फेकले, चाक धोंड्यांवर आपटलं, थांबलं, पुन्हा पुढं झालं.

मग चढ संपला. एवढंच झालं. ट्रक सपाटीवर आला आणि अण्णांनी इंजिन बंद केलं.

धोंडमाळच्या कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. अक्कानं तोटीखाली लोटा धरला, भरला, आणि पहिलं पाणी रज्जाकभाईंच्या पोळलेल्या हातावर ओतलं. सावकाश, सगळा लोटा. पुन्हा भरला आणि भावाच्या हातात दिला. अण्णा घटाघटा प्यायले. मग तोच लोटा भरून तिनं माझ्यासमोर धरला. कोनाड्यातला पेला त्या दिवशी कोनाड्यातच राहिला. पुढं तो कायमचा गेला असं मी म्हणणार नाही, सणावाराला मला तो परत दिसला. पण त्या दिवशीचं पाणी मी प्यायले, आणि रडले, हेही खरं.

गाव उठलं नाही. तो ट्रक उन्हाळाभर वर जात राहिला. रज्जाकभाईंनी तडा पुन्हा नीट भरला आणि हात बरा होईपर्यंत कुडाच्या भिंतीतून अण्णांना मनसोक्त शिव्या दिल्या. अण्णांनी त्या ऐकून घेतल्या.

पावसाळ्यात माझी बदली मुखेडला झाली. धोंडमाळची शेवटची शाळा करून निघाले तर अक्काच्या घराला शिडी लावलेली. मृगाच्या वाऱ्यानं एक पत्रा उडाला होता. छपरावर अण्णा, पांढऱ्या सदऱ्यात. आणि त्यांच्या हातात ते ॲल्युमिनियमचं चकाकतं, शर्यतीचं नाक. ते पत्र्यावर तारेनं बांधत होते.

"अण्णा, हे इथं? आणि मग तुमची शर्यत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी खुळ्यासारखं विचारलंय.

"झाली की, बाई. तुम्ही हुता की तिथं."

"त्ये हलकं हाय रे, उडंल," अक्का खालून म्हणाली.

अण्णांनी मान डोलावली, शेजारचा धोंडा उचलला आणि त्या चकाकत्या नाकावर ठेवला. मग वाकून त्याच्या उघड्या तोंडावर तळहात ठेवला, रोज सकाळी ठेवायचे तसा. मी घाट उतरून खाली आले, एसटीला हात केला. कंडक्टरनं घंटी मारत विचारलं, "कुठं जायचंय?" मी उत्तर द्यायच्या आधी वर पाहिलं. पत्र्यावर काही तरी चमकत होतं, आणि त्याच्याशेजारी तो पांढऱ्या सदऱ्यातला माणूस अजून वाकलेलाच होता.